आईच्या गाडीपुरती जागा

आमचं शटर उघडताना आधी कुरकुरतं, मध्येच अडतं आणि मग एकदम खडखडाट करत वर जातं. या खेपेला मी नाशिकहून माहेरी आले त्या दुपारी दादाने ते उघडलं. अर्ध्यावर अडलं तेव्हा त्याने डाव्या पट्टीवर तळहाताचा एक दणका दिला, बाबा द्यायचे अगदी तिथेच, आणि आतला वास अंगावर आला. कूलरच्या वाळलेल्या गवताचा, डांबराच्या गोळ्यांचा, गुंडाळून ठेवलेल्या सतरंज्यांचा, थोडा रॉकेलचा आणि सगळ्यांच्या तळाशी जर्मलच्या मोठ्या पातेल्यांचा. भांड्यांना वास नसतो असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आमच्या शटरच्या तोंडाशी येऊन उभं राहावं. मीही तोंडाशीच उभी होते, कारण आत पाय ठेवायला जागा नव्हती.

गॅरेज हा शब्द आमच्या घरात फक्त दादा वापरतो, तोही पाहुण्यांसमोर. बाकी सगळ्यांसाठी ते शटर. जालना रोडने चिकलठाण्याकडे जाताना ज्या बैठ्या घरांच्या गल्ल्या लागतात, त्यातल्या एका गल्लीत आमचं घर कोपऱ्यावर आहे. कोपरा म्हणून बाजूला चिंचोळी जास्तीची जागा मिळालेली. बाबांनी तिथं भिंती घातल्या, वर स्लॅब टाकला, खाली कोबा केला आणि पुढे शटर लावलं. पुढेमागे चारचाकी घेऊ असं त्यांच्या मनात होतं. चारचाकी काही आली नाही. बाकी सगळं आलं.

अख्ख्या गल्लीत शटर तेवढं एकच. गल्लीने वर्गणी काढून जेवणावळीची पातेली घेतली, ती कुठं ठेवायची? सुमनबाईंच्या शटरात. जयंतीच्या मंडपाचे बांबू, निळ्या पताका, लाइटच्या माळा? सुमनबाईंच्या शटरात. पोरगं मोठं झालं म्हणून रिकामा झालेला कुणाचा पाळणा, बदलीच्या गावी गेलेल्या कुणाचं कपाट, थंडीत अडचण करणारे सगळ्यांचे कूलर. सुमनबाई म्हणजे माझी आई. असं काही विचारत कुणी दारात आलं की तिला एकच उत्तर येतं. "ठिवा की." समोरच्याचं विचारून पूर्ण व्हायच्या आत ती हे म्हणून टाकते, म्हणजे त्याला अवघडल्यासारखं होऊ नये.

आता गोष्ट अशी की मागच्या पावसाळ्यात आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. एक पाय किंचित आखूड पडला. घरात ती काठी घेऊन फिरते, गल्लीच्या तोंडापर्यंत जाते, तिथं लिंबाच्या पारावर बसते आणि परत येते. पाराच्या पुढे तिचं सगळं जग आहे. विहार आहे, भाजीबाजार आहे, कंपनीतल्या जुन्या मैत्रिणींची घरं आहेत. रिक्षा करून जा, असं सगळे सांगतात. पण आईला कुठं पोचायचं नसतंच, तिला फिरायचं असतं. मेथीची जुडी हातात घेऊन, खाली ठेवून, पुढच्या गाड्यावर जाऊन, परत पहिल्या गाड्यावर यायचं असतं. तेवढा वेळ कुठला रिक्षावाला थांबणार?

म्हणून तिने एक दिवस जेवताना जाहीर केलं, "मला ती बाजूला चाकं लावलेली स्कूटी पायजे."

दादाच्या हातातला घास हातातच राहिला. "आई, हे काय वय हाय का गाडी चालवायचं?"

"गाडी वय चालवतं व्हय? मी चालवणार."

दादा वाईट नाही. तो घाबरट आहे, आणि घाबरट माणूस नाही म्हणत नाही, अट घालतो. "ठेवणार कुठं पण? गल्लीत उभी केली तर कचऱ्याची गाडी वळायची नाय. शटरात जागा झाली तर घेऊ," असं म्हणून तो निर्धास्तपणे वरण ओरपायला लागला. शटरात जागा होणं म्हणजे काय, हे त्याला माहीत होतं. आईलाही माहीत होतं. तिने मला फोन केला, आणि मी रजा टाकून आले. येताना ड्रिल मशीन घेऊन आले, कारण नाशिकच्या माझ्या इवल्याशा फ्लॅटने मला भिंतीला भोकं पाडायला चांगलं शिकवलं आहे.

शटरच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसत आईने पहिल्याच दिवशी बजावलं, "जागा करा. पण कुणाचं काय बाहेर जाणार नाय."

"मग जागा होणार कशी गं?"

"ते तू बघ. तू शिकलेलीस ना."

मी बघायला लागले, म्हणजे निदान तसं दाखवायला लागले. खरं तर त्या वासाने माझं काम पहिल्या दिवशीच बंद पाडलं होतं.

आमच्या लहानपणी ऋतू शटरातून बाहेर यायचे. ऊन तापायला लागलं की आधी कूलर निघायचे. ओट्यावर ओळीने मांडले जायचे, त्यांच्या जाळ्या उघडल्या जायच्या आणि मागच्या सालचं काळं पडलेलं, कडक झालेलं गवत मुठीमुठीने ओढून काढलं जायचं. हात खाजायचे. मग नवं, पिवळं गवत यायचं. त्यावर बादलीने पाणी ओतलं, पंखा सुरू केला की पहिली हवा गार नसायचीच, नुसती ओल्या गवताची असायची, आणि आम्ही पोरं त्या जाळीला तोंड लावून आऽऽ म्हणायचो. आवाज तुकडे तुकडे होऊन परत यायचा. दादा त्यात स्वतःचं नाव म्हणायचा. मी बाबांची नक्कल करून दादालाच हाक मारायचे, आणि तो बावळट दर वेळी ओ द्यायचा.

कूलर बाहेर गेले की शटरात मधोमध रिकामी जमीन व्हायची. उन्हाळाभर ती आमची. बाहेर डांबर मऊ व्हायचं, गल्लीत कुत्रं दिसायचं नाही, आणि आम्ही शटर गुडघाभर उघडं ठेवून आत त्या गार कोब्यावर उघड्या पाठीने पडलेलो असायचो. शटरच्या खालून उन्हाची एक आडवी पट्टी यायची. ती सरकत सरकत पातेल्यांवर चढली की आई यायची वेळ झाली असं आम्ही समजायचो. ती तेव्हा चिकलठाण्याला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होती. तिच्या साडीला गोळ्यांचा कडवट वास असायचा. आम्ही तिला चिकटलो की ती म्हणायची, "थांबा रे, हात धू द्या," पण थांबवायची नाही.

ती मोपेडवरून यायची. गल्लीतली पहिली बाई गाडीवर बसणारी माझी आई, हे मी शाळेत इतक्यांदा सांगितलं होतं की बाईंनी मला एकदा, "बरं, कळलं," म्हणून खाली बसवलं होतं. बाबा कालव्याच्या ऑफिसात कारकून, त्यांना सायकलसुद्धा धड यायची नाही. ते आईच्या मागे बसायचे. एका हाताने डबा, दुसऱ्या हाताने उघडी छत्री, ऊन असो नसो. लोक हसायचे. बाबा त्यांना वरूनच नमस्कार करायचे, छत्रीसकट.

आणि ही गाडी कुठं असायची? बाहेर, लिंबाखाली. जुन्या साडीने झाकलेली. आमचंच शटर, आमचीच जागा, आणि आईची गाडी ऊन खात उभी. पातेली सावलीत, पाळणे सावलीत, बदलीवाल्यांचं कपाट सावलीत. दुपारपाळीला निघताना आई ओलं फडकं सीटवर आपटायची, वाफ निघाल्यासारखा आवाज यायचा, मग ती बसायची. तेव्हा हे कुणालाच विचित्र वाटलं नाही. तिला तर नाहीच.

उन्हाळ्याच्या पोटातच जयंती यायची. आठ-दहा दिवस आधी शटर सताड उघडं राहायचं. बांबू ओढले जायचे, पताकांच्या गाठी सुटायच्या, लाइटच्या माळा कोब्यावर अंथरून एकेक दिवा तपासला जायचा. एक दिवा गेला की अख्खी माळ अंधारायची आणि मोठी माणसं चवड्यावर बसून तो एक चुकार दिवा शोधायची. निळ्या रंगाचा डबा उघडला की त्याचा वास आठवडाभर भातालाही लागायचा. जयंतीच्या सकाळी आई पांढरी साडी नेसून मोपेडवरून विहारात निघायची, तेव्हा आम्ही गल्लीच्या तोंडापर्यंत मागे पळायचो. भेटेल त्याला ती गाडीवरूनच जयभीम घालायची, एक हात सोडून, आणि मागे बाबा घाबरून म्हणायचे, "अगं, दोन्ही हातांनी धर."

त्याच सतरंज्या लग्नात निघायच्या आणि त्याच कुणी गेलं की निघायच्या. लाल-निळ्या पट्ट्यांच्या, कडा विरलेल्या. हळदीचे डाग पडलेल्या सतरंजीवर पांढऱ्या साड्यांतल्या बायका बसलेल्या मी पाहिल्या आहेत. बाबा गेले त्या दिवशी शटर कुणी उघडलं ते मला आठवत नाही. पण ओट्यावर मी बसले तेव्हा खाली सतरंजी होती आणि तिला आमच्या शटरचा वास होता, तेवढं पक्कं आठवतं. त्या वासाने मला त्या दिवशी धरून ठेवलं. आई कुणाचं काही बाहेर का जाऊ देत नाही, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

तर काम. माझ्या नुसत्या भोकांवर निभणार नव्हतं, म्हणून मी फैयाजभाईंना बोलावलं. गल्लीच्या मागच्या रस्त्याला त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. गेट, खिडक्या, पाण्याच्या टाकीचे स्टँड असं सगळं ते करतात, आणि स्कूटीला बाजूची चाकंही तेच बसवतात. म्हणजे एकाच माणसावर आमची दोन्ही कामं होती. त्यांनी शटरात एक नजर टाकली आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

"काकू, यात गाडी?"

"व्हय."

"मोठी हिंमत हाय तुमची." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "देखो ताई, एकच गोष्ट. जमीन सोडायची, दीवार पकडायची. सब उप्पर."

सगळं वर. पुढचा आठवडा आम्ही तेच केलं. दोन्ही भिंतींना लोखंडी अँगलचे चिंचोळे रॅक ठोकले, छातीच्या वरून सुरू होऊन स्लॅबपर्यंत. पातेली एकात एक बसवून वरच्या खणात गेली. सगळ्यांत मोठ्या पातेल्याच्या पोटात बाकी सगळं कुटुंब मावलं, झारे, पळ्या आणि परातींसकट. सतरंज्यांच्या घट्ट वळकट्या करून त्या जाड प्लॅस्टिकच्या पाइपात सरकवल्या आणि पाइप भिंतीला आडवे मारले. बांबू स्लॅबखाली कड्यांमध्ये गेले, छताला समांतर. पताका पाळण्यात, पाळणा हुकाला. पाण्याचे ड्रम मात्र वर जाणारे नव्हते. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, आलं की भरून ठेवावंच लागतं. ते जिन्याखाली गेले, एकावर एक, मधे फळी टाकून. आणि कूलर? त्यांच्यासाठी फैयाजभाईंनी विहिरीवर असते तशी कप्पी आणली. दोर ओढला की कूलर डुलत डुलत वर. पहिला कूलर वर गेला तेव्हा त्याच्या पोटातून जुन्या गवताची एक काडी तरंगत खाली आली आणि माझ्या केसांत अडकली. मी ती संध्याकाळपर्यंत काढली नाही.

आई खुर्चीवर बसून सूचना द्यायची. कुणाची वस्तू कोणती ते तिला सगळं पाठ. "ते नीट धर, ते लताच्या सासूचं हाय." लताची सासू जाऊन जमाना झाला.

आठवडा संपता संपता जमीन दिसायला लागली. मी पाण्याने घासून धुतली. बाबांनी करून घेतलेला तो कोबा, करडा, गुळगुळीत, शटरच्या तोंडाशी एका कुत्र्याच्या पंज्याचा ठसा असलेला. आईने खडू मागितला आणि मला वाकायला लावून जमिनीवर गाडीची आकृती काढून घेतली. पुढचं चाक इथं, बाजूची चाकं इथं आणि इथं, उतरायला पाय टेकायचा तो इथं. उतरायची जागा तिने दोनदा पुसून मोठी करायला लावली. दादा ऑफिसातून आला, खडूच्या रेघांकडे बघत जरा वेळ उभा राहिला आणि आत गेला.

चूक पुढे झाली, आणि ती फक्त आमच्या गल्लीतच होऊ शकते. शटर उघडं, जमीन मोकळी. आमच्याकडे मोकळ्या जमिनीचा अर्थ ठरलेला आहे. दुसऱ्या दिवशी मी स्क्रू आणायला गुलमंडीच्या बाजारात गेले आणि दुपारी परत आले तर आत एक शिलाई मशीन, दोन गाद्या, कुणाची तरी जुनी सायकल, आणि बरोब्बर खडूच्या आकृतीवर, जिथं आईचा पाय टेकणार होता तिथं, मंदामावशींचं वॉशिंग मशीन. मंदामावशी म्हणजे समोरच्या घरातल्या. आईबरोबर कंपनीत होत्या, आईहून थोड्या लहान. आईची त्यांच्याशिवाय संध्याकाळ होत नाही. त्यांच्या मुलाने नवीन मशीन घेतलं होतं.

"आई, हे काय?"

आई काठीशी चाळा करत होती. "ठिवू का म्हणली."

"आणि तू?"

 तिला येतं ते एकच उत्तर तिने दिलं असणार. दादा संध्याकाळी आला, त्याने पाहिलं, आणि मला म्हणाला, "झाली का जागा?" त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, सुटका होती, आणि म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला. मी म्हटलं, मी आत्ताच्या आत्ता एकेकाचं सामान त्याच्या दारात नेऊन ठेवते. मी गाद्या उचलल्यासुद्धा.

"ठिव खाली," आई म्हणाली. "तू नको बोलू कुणाला. तू जाशील नाशिकला. ऱ्हायचं मला हाय हितं."

"मग तू बोल."

"मला नाय येत गं." हे ती मान खाली घालून म्हणाली. "जन्मात कुणाला नाय म्हणले नाय. आता कसं जमंल?"

 बाहेर पारावर तिची रोजची जागा रिकामी होती. हे असंच राहिलं तर तिचं उरलेलं सगळं फिरणं घर ते पार एवढंच होणार, हे मला दिसत होतं आणि तिलाही दिसत होतं. त्या दिवशी ती संध्याकाळी पारावर गेलीच नाही.

सकाळी मी उठून बघते तर आई तिच्या खोलीत नाही. शटर वर गेलेलं. ते तिने एकटीने कसं उघडलं कोण जाणे. आत वॉशिंग मशीनला खेटून, खडूच्या रेघांच्या आत, खुर्ची टाकून ती बसलेली होती. चांगली साडी, केस विंचरलेले, काठी मांडीवर आडवी. मी चहा दिला तो तिने तिथंच घेतला.

मंदामावशी ओटा झाडायला बाहेर आल्या आणि झाडू हातात घेऊनच समोर आल्या. "सुमनताई, आज हितं का बसलीस?"

"मंदा," आई म्हणाली आणि थांबली. तिने मांडीवरची काठी सरळ केली. "मंदा, तुझं मशीन ने."

"आँ?"

"माझी गाडी येणारय. तिची जागाय ही."

मावशी हसल्या. त्यांना वाटलं चेष्टा आहे. "गाडी तर कुठं दिसंना."

"मी बसलेय ना. येईस्तोवर मलाच गाडी समज."

मावशींचं हसू हळूहळू विझलं. त्या मशीनकडे बघत राहिल्या, मग आईकडे, मग माझ्याकडे, जणू हे मी शिकवलं. मी मान हलवून नाही म्हणणार होते, पण तसं करणं आईला एकटं पाडण्यासारखं झालं असतं. मी रॅकवरची धूळ पुसायला लागले. मावशी म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. नेतो आमचं आम्ही," आणि वळल्या. थोड्या वेळाने त्यांचा मुलगा आला, मशीन ओढत घेऊन गेला. चाकांचा आवाज गल्लीभर झाला. गल्लीत बातमी पसरायला एवढा आवाज पुरेसा असतो. दुपारपर्यंत शिलाई मशीन गेलं, गाद्या गेल्या, सायकल कधी गेली ते कळलंही नाही. कुणी वाकडं बोललं नाही. एकदोघी तर आत डोकावून, "कोणता रंग घेणार?" असं विचारून गेल्या.

पण मावशी आल्या नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्याही दिवशी नाही. आई शटरात खुर्चीवर बसून भाजी निवडायची आणि समोरच्या दाराकडे बघायची. एकदा मी कोथिंबिरीची काडी उचलायला वाकले तर ती डोळ्याला पदर लावत होती. "लई कडक बोलले का गं मी?" तिने विचारलं. मी म्हटलं, अजिबात नाही. तिचा विश्वास बसला नाही. पण खुर्ची तिने हलवली नाही. बायका आता पारावर जायच्या ऐवजी शटरात तिच्याभोवती येऊन बसायला लागल्या, वरती कूलर टांगलेले, भिंतीवर पातेली, मधे आई, आणि समोर एक दार अर्धवट लोटलेलं.

तिसऱ्या दिवशी दादा कामावरून लवकर आला. शटरात आला, आईच्या खुर्चीभोवती एक चक्कर मारली, रॅक हलवून बघितले, कप्पीचा दोर ओढून बघितला. मग विचारलं, "रंग कोणता पायजे?"

"निळा," आई म्हणाली. तिला विचार करावा लागला नाही.

स्कूटी आली. फैयाजभाईंनी बाजूची चाकं बसवली आणि स्वतः मागून गाडी धरून आईला मोकळ्या मैदानावर फिरवलं. ब्रेक कुठं, वळताना काय, हे ते सांगत राहिले आणि ती, "व्हय रे बाबा, व्हय," म्हणत राहिली. तिसऱ्या फेरीला त्यांनी हात सोडला. मैदानाच्या कडेला दादा उभा होता आणि आई त्याच्यासमोरून गेली की त्याची मान तिच्याबरोबर फिरायची. मला वाटतं त्या आठवड्यात माझ्या भावाचं वजन उतरलं.

काल आई पहिल्यांदा एकटी बाहेर पडली. आज मी नाशिकला परत निघाले आहे, बॅग भरून झाली आहे, पण कालचं सांगून संपवते. दुपार कलल्यावर ती निघाली, भाजीबाजारात जाऊन येते म्हणाली. जाताना तिने मागे वळून पाहिलं नाही. दादा गेटला हात लावून उभा राहिला आणि मला काही सुचेना म्हणून मी शटरात गेले.

मी किती वर्षांनी त्या जमिनीवर मधोमध उभी होते. चपला काढल्या. तळव्यांना तोच गारवा लागला. वर बांबू होते, पाइपांच्या पोटात हळदीच्या डागांच्या सतरंज्या होत्या, स्लॅबखाली कूलर टांगलेले होते आणि सगळ्यांचा मिळून तो वास तसाच होता, एक तसूही कमी झाला नव्हता. काहीच हरवलेलं नव्हतं. नुसतं वर गेलं होतं. मी डोळे मिटले आणि मला तो मोपेडचा आवाज, ओल्या फडक्याचा सटका, गोळ्यांचा कडवट वास, बाबांची छत्री, सगळं एकदम आठवलं. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. बराच वेळ गेला असावा. गेटवरून दादा म्हणत होता, "अजून कशी आली नाय? फोन लावू का?" 

तेवढ्यात हॉर्न वाजला. अगदी जवळ. मी डोळे उघडले तर शटरच्या तोंडात ऊन आणि उन्हात आईची निळी स्कूटी. आईच्या डोक्यावरचा पदर वाऱ्याने मागे गेलेला, तोंड लाल झालेलं. मागे, आईच्या कमरेला घट्ट धरून, मंदामावशी. त्यांच्या मांडीवर मेथीच्या जुड्या, डोळे अजून घाबरून मोठे झालेले.

मी बघतच राहिले. जागचं हलावंसं वाटेना, इतकं बरं वाटत होतं. आईने पुन्हा हॉर्न दिला.

"सरक की बाजूला. माझी जागाय ती."

"सरक बाई," मागून मंदामावशी म्हणाल्या. "माझं मशीन नाय ठिवू दिलं हिनं. तुला काय उभं ऱ्हाऊ देती?"

मी पोट आत घेऊन रॅकला पाठ लावली, आणि आई गाडीसकट आत आली.